मेणावरची ब्योर

बार्ब्रेला गोष्टी येतात हे गॉर्टबान गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीही ते कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. बायकांनी सांगायच्या गोष्टी वेगळ्या होत्या. पऱ्यांच्या, संतांच्या, गाय आटली तर काय करावं याच्या. राजेरजवाडे, लढाया, समुद्रापलीकडून आलेले लुटारू या लांबलचक गोष्टी चुलीपुढे बसून पुरुषांनी सांगायच्या. आरवणारी कोंबडी आणि वीरकथा सांगणारी बाई, दोन्ही घराला अपशकुन, असं त्या किनाऱ्यावर पोराटोरांनासुद्धा पाठ होतं. हे असलं काही रचणाऱ्याच्या घरी बायको होती की नाही कोण जाणे. असली तर तिनं त्याला त्या दिवशी जेवायला घालायला नको होतं.

बार्ब्रेचा बाप मात्यू हा त्या भागातला नावाजलेला कथेकरी. त्याला पाच मुली झाल्या, मुलगा नाही. गोष्टी द्यायच्या कुणाला? शेवटी त्यानं थोरलीला, बार्ब्रेला, गोठ्यात शिकवायला घेतलं. ती गाईखाली बसून दूध काढायची आणि तो दारात तोंड बाहेर करून उभा राहून सांगायचा, म्हणजे कुणी आलंच तर तो आपला गाईशी बोलतोय असं वाटावं. अशा चौदा गोष्टी बार्ब्रेकडे आल्या. बाविसाव्या वर्षी तिचं लग्न बार्टलीशी ठरलं. मध्यस्थाची व्हिस्की झाली, दोन गाई ठरल्या, आणि चौदा गोष्टी कुणी न ठरवता तिच्याबरोबर आल्या.

बार्टली वाईट माणूस नव्हता. आवाज भरदार, बसण्यात रुबाब, विराम कुठे घ्यायचा याची उपजत समज. फक्त सांगायला काही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "तुझा बाप ती ब्योरची सांगायचा, ती कशी गं सुरू होते?" तिनं सांगितली. मग दुसरी विचारली. पाच वर्षांत बार्टली दूरदूरच्या गावांत ओळखला जाऊ लागला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. लोक त्याच्या चुलीपुढे जमायचे आणि ती मागं मोजे विणत बसायची. तो एखादा शब्द चुकला की तिची सुई थांबायची. त्याला ते ऐकू यायचं, म्हणून निदान तिचं तोंड दिसू नये असा तो तिच्याकडे पाठ करून बसायला शिकला.

त्या चौदांत ब्योरची गोष्ट सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अवघड. उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या लुटारूंना माळावरच्या हेदर झुडपाच्या जांभळ्या फुलांपासून एक पेय करता यायचं, तीच ब्योर. लढाईत ते सगळे मारले गेले, उरले दोघं, बाप आणि मुलगा. राजा म्हणाला, कृती सांगा, जीव वाचवा. बाप म्हणाला, सांगतो, पण मुलासमोर लाज वाटते, आधी त्याला मारा. मुलाला मारलं. तेव्हा बाप हसून म्हणाला, तो पोरगा होता, त्यानं सांगितलं असतं. मी सांगणार नाही. गोष्ट इतकीच. पण मध्ये एक धाव होती, कथेकऱ्यानं न थांबता म्हणायचा तुकडा. राजाचा स्वयंपाकी त्या पेयाचा वास घेऊन त्यात काय काय असेल याची यादी एका दमात घेतो, तीस-बत्तीस जुने शब्द, ज्यांचे अर्थही आता कुणाला धड माहीत नाहीत. तिथं दम तुटला की गोष्ट मेली.

लहानपणी बार्ब्रेनं बापाला विचारलं होतं, "त्या मुलाची आई कुठे होती?" मात्यू म्हणाला होता, "गोष्टीत नाही ती. तू धार काढ."

एकोणीसशे छत्तीसच्या वसंतात डब्लिनहून रूरी आला. पंचविशीचा, चष्मेवाला, सायकलवर एक जड पेटी बांधलेली. सरकारनं त्याला जुन्या गोष्टी आणि जुने शब्द गोळा करायला पाठवलं होतं. पेटीत बोलकं यंत्र होतं. त्यावर मनगटाएवढी जाड मेणाची नळी चढवायची, कर्ण्यात बोलायचं, की आवाज मेणात कोरला जायचा. गावात आलेला पाहुणा पहिल्यांदा कुणाकडे जाणार? बार्टलीकडे.

रविवारी प्रार्थना आटोपून आठ-दहा शेजारी जमले. बार्ब्रेनं बटाटे उकडले, खारवलेला मासा काढला, चहा केला. तिचा मुलगा फेहीन, एकोणीस वर्षांचा, भिंतीलगतच्या बाकावर जाळं दुरुस्त करत बसला होता. बार्टलीनं कॉलरचं बटण लावलं, कर्ण्याकडे बघून घसा साफ केला आणि ब्योरची गोष्ट सुरू केली. स्वयंपाकी आला, पेल्यावर वाकला, आणि बार्टली थांबला.

"थांबलात का? नळी फिरतेय," रूरी हळूच म्हणाला.

बार्टलीनं पुन्हा मागून घेतलं. पुन्हा त्याच ठिकाणी अडकला. कर्ण्याकडे पाठ करून बसता येत नव्हतं, आणि मागं बायकोची सुई थांबली होती.

"घशात काटा अडकला काय रे बार्टली?" शेजारच्या पातशीननं विचारलं. लोक हसले. पातशीन असल्या वेळेची वाटच बघत असायचा.

बार्ब्रेच्या जिभेवर पुढचा शब्द होता. पुढचे तीसही होते. तिनं सुया मांडीवर ठेवल्या आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून राहिली. तेवढ्यात बाकावरून फेहीननं धाव उचलली. जाळं हातातच होतं. एका दमात, एकही शब्द न गाळता, मात्यू घ्यायचा तशी. संपल्यावर तो थांबला नाही, राजा, बाप, मुलगा, सगळं शेवटपर्यंत नेलं. ही धाव त्याला आईकडून गोठ्यात मिळाली होती, बार्ब्रेला तिच्या बापाकडून मिळाली होती तशीच.

रूरीनं चष्मा पुसला. "कुणाकडून ऐकलीस ही?"

फेहीननं एकदा चुलीकडे पाहिलं. "बापाकडून."

बार्टलीनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग रूरीला ब्योर या एका शब्दानं धरलं. वहीवर झुकून तो विचारत सुटला. गुत्त्यात जे पिता त्याला काय म्हणता? पोर्टर. आणि जुनी माणसं? ल्यान. मग ब्योर? ब्योर फक्त ती, हेदरची, कुणी न चाखलेली.

"तो का ती?"

"ती," फेहीन म्हणाला. "ल्यान तो, ब्योर ती."

"आणि तिचा वास असं म्हणायचं असेल तर?"

"ब्योरख. ब्योरखचा वास."

रूरीनं जवळजवळ टाळी वाजवली. घोडी, ज्वाला, खुर्ची यांचे इथल्या भाषेतले शब्द जसे कशाचा किंवा कुणाचा सांगताना शेवटी 'ख' लावून घेतात, तसाच हा, आणि इथं तो अजून जिवंत सापडला. त्याच्या आनंदाला सीमा नव्हती. मूळ शब्द आपला नाहीच, त्यानं सगळ्यांना सांगितलं. हजार वर्षांपूर्वी त्या लुटारूंनी होड्यांतून आणलेला, ब्योर्र. मठ जाळले, माणसं नेली, आणि हा शब्द ठेवून गेले.

"चोरांनी काहीतरी ठेवलं म्हणायचं," पातशीन म्हणाला.

"गंमत म्हणजे त्यांच्याकडे तो पुल्लिंगी होता. इकडे येऊन बाई झाला."

"इकडे आल्यावर त्याला काम करावं लागलं असेल," मागून बार्ब्रे म्हणाली.

सगळे हसले, रूरी सगळ्यांत मोठ्यानं. बार्टली हसला नाही. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं समाधान त्याला दिसलं. ते समाधान विनोदाचं नव्हतं, धावेचं होतं. तिनं ते लपवलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला विचारायची, लपवलं असतं तर काय बिघडलं असतं.

घरात त्यानंतर जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नाही. भांडणाला निदान दोन तोंडं लागतात. बार्टली फेहीनशी बोलायचाच बंद झाला. होडीत दोघं एकामागं एक बसून वल्ही मारायचे आणि बाप निरोप आईमार्फत द्यायचा. कुणी आलं की म्हणायचा, "आमच्याकडे कोंबडी आरवायची ते होतंच, आता पिल्लूही आरवतंय. मी आपला खुराडं झाडतो." कुणी गोष्ट मागितली की म्हणायचा, "त्याला विचारा. मशीनवाले साहेब त्याच्यावर खूश आहेत."

"अरे, त्यानं तुझी लाज राखली," बार्ब्रे एकदा म्हणाली. "बापाकडून ऐकली म्हणाला."

"तेच तर. भीक घातली मला माझ्याच चुलीपुढे."

फेहीननं सहा महिने सोसलं. सप्टेंबरात तो इंग्लंडला कामाला जायला निघाला. गावातले निम्मे पोरगे जायचे, त्यात नवल नव्हतं. पण तो एरवी गेला नसता. त्याला ही होडी, हा गोठा पुरला असता.

"उन्हाळ्यात येतो, आई. तोवर म्हाताऱ्याचा राग विझेल."

"तुझ्या बापाचा राग म्हणजे शेणीचा निखारा," ती म्हणाली. "धूर नाही, ज्वाळा नाही, आणि विझतही नाही. जा. मोजे ओले ठेवू नकोस."

बार्टली बसपर्यंत आला नाही. किनाऱ्यावर होडीला डांबर लावत होता, दोन आठवड्यांपूर्वीच लावलेल्या होडीला.

फेब्रुवारीत तिकडच्या एका धर्मगुरूचं पत्र आलं. गटाराचा खोल चर खणताना मातीची भिंत कोसळली होती. फेहीनला काढेपर्यंत तासभर गेला. पुरलंही तिकडेच. गावच्या धर्मगुरूनं पत्र वाचून दाखवलं. बार्टली ऐकत उभा होता, मग टोपी घालून बाहेर गेला. त्या दिवसापासून त्यानं ब्योरची गोष्ट कधी सांगितली नाही. लोक म्हणायचे, दुःख किती खोल गेलंय बघा. बार्ब्रेला माहीत होतं, दुःख खरंच होतं, पण धावही त्याला अजून येत नव्हती.

फेहीनचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला गॉल्वेला जावं लागायचं, आणि जिवंत असलेल्या पोराचा फोटो कशाला? मार्च उजाडला तेव्हा तिला त्याचा चेहरा आठवायचा, पण आवाज निसटू लागला. गोठ्यात बसून ती धाव म्हणायची आणि त्याच्या तोंडून ऐकायचा प्रयत्न करायची. तिला मात्यूचाच आवाज यायचा. एक दिवस तिला यंत्र आठवलं, आणि तिच्या हातातली चरवी कलंडली. आवाज आहे. मेणात आहे. डब्लिनला आहे.

मेमध्ये रूरी परत आला तेव्हा ती त्याला फाटकातच गाठून उभी राहिली.

"फेहीनची नळी कुठे आहे?"

त्यानं टोपी काढली. बातमी त्याला वाटेतच कळली होती. "फार वाईट झालं, बाई."

"ते मला माहीत आहे. नळी कुठे आहे?"

"सगळं डब्लिनला जपून ठेवलंय."

"मग ऐक. माझ्याकडे चौदा गोष्टी आहेत. बार्टलीकडे आहेत त्याच, पण सबंध. शिवाय शब्द आहेत, तुझी वही पुरणार नाही एवढे. सगळं देते. तू ती नळी आण आणि एकदा मला ऐकव. एकदाच."

रूरी पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग त्यानं मान डोलावली.

चुलीपुढे बसायला ती तयार नव्हती. गोठ्यात पालथ्या घंगाळावर यंत्र ठेवलं, आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी बार्ब्रेनं तोंड उघडलं. बार्टलीला आत काय चाललंय हे कळत होतं. तो सकाळी उठून किनाऱ्यावर जायचा. गावानं नाकं मुरडली. पातशीन फाटकाशी येऊन ओरडला, "काय गं बार्ब्रे, अंडी घालतेस का आरवतेस?"

"तुझ्या बायकोला विचार," ती आतून म्हणाली. "मी आरवते तेव्हा ती भिंतीमागे उभी असते ऐकायला!"

जून गेला, जुलै गेला. ती सांगायची, रूरी संध्याकाळी बसून नळीवरून वहीत उतरवायचा, शनिवारी टपालानं नळ्या डब्लिनला जायच्या, आणि दुसऱ्या कोऱ्या नळ्यांचं खोकं यायचं. चौदाच्या चौदा गोष्टी झाल्या. ब्योर तिनं शेवटी ठेवली होती. धाव घेताना तिचा दम जराही तुटला नाही. रूरी म्हणाला, असं त्यानं आजवर कुणाकडूनही ऐकलं नाही. पन्नास वर्षांत तिला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती तिच्या कानावरून वाऱ्यासारखी गेली.

"आता आण," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी तो आला तेव्हा त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. बार्ब्रेनं घंगाळ पुसून ठेवलं होतं, स्वच्छ एप्रन बांधला होता, गाईला बाहेर काढलं होतं, म्हणजे मध्येच हंबरायला नको.

"हे काय?"

"फेहीनची गोष्ट. शब्दन् शब्द उतरवलाय. डब्लिनहून मुद्दाम मागवून घेतली."

"मला वाचता येत नाही. नळी कुठे आहे?"

रूरी उभाच राहिला. "मेण महाग असतं, बाई. लिहून झालं की वरचा थर तासतात. कोरं करून परत पाठवतात. पहिल्यापासून असंच चालतं."

"परत कुणाला?"

"आम्हाला. गोळा करणाऱ्यांना."

तिनं भिंतीशी ठेवलेल्या खोक्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला."

"हो."

"यांतली एखादी त्याची आहे?"

"असेल. सांगता येत नाही. त्यांच्यावर खूण नसते."

"म्हणजे मी उन्हाळाभर त्याच्याच मेणावर," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तिनं केलंच नाही. तिनं विचारलं, "मेमध्ये तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मान का डोलावलीस?"

रूरी खोटं बोलू शकला असता. निदान तेवढं त्यानं केलं नाही. "तुमच्या गोष्टी गेल्या असत्या, बाई. तुमच्यानंतर कुणाकडेच नाहीत त्या."

बार्ब्रे तीन पायांच्या स्टुलावर बसली, धार काढायला बसायची तशी. तिला रडू आलं नाही. तिला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली, आणि हा कुणाचा तरी मुलगा आहे, दूर आलाय, पायातले बूट भिजलेत, हेही तिला दिसत होतं, आणि ते दिसल्याचाच तिला अधिक राग आला.

"वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. नीट वाचलं, एकही चूक नाही. पण ती भाषा शाळेत शिकलेल्या माणसाची होती, प्रत्येक शब्द धुऊन वाळवलेला. धावेत तो दोनदा श्वास घ्यायला थांबला. समासात लाल शाईनं टिपणं होती, तीही त्यानं वाचली, तिला बरं वाटेल म्हणून. ब्योर, स्त्रीलिंगी. षष्ठीत ब्योरख, या गावी अद्याप बोलण्यात. उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांच्या भाषेतून आलेला, मूळ पुल्लिंगी. त्या एका शब्दाचं मूळ-कूळ चांगलं सहा ओळींत होतं.

"शेवटी?" तिनं विचारलं.

"शेवटी नोंद आहे. ही गोष्ट फेहीन, वय एकोणीस, यानं आपल्या बापाकडून ऐकली."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काही नाही. संपलं."

"संपलं नाही. नीट बघ," बार्ब्रे म्हणाली. "बापाकडून म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. बार्टलीला कळलं नाही, तुलाही नाही. नळी तेव्हा फिरत होती, मी बघत होते तिच्याकडे. तेवढंच मला ऐकायचं होतं. गोष्ट काय, ती मलाही येते. ते हसणं लिहिलंय का?"

रूरीनं पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

"हसणं लिहीत नाहीत, बाई."

बार्ब्रेनं हात पुढे केला, कागद घेतले, त्यांच्या कडा मांडीवर सारख्या केल्या आणि त्याच्याकडे परत दिले.

"मग बापाकडूनच ऐकली असेल त्यानं," ती म्हणाली, आणि गाईला आत आणायला उठली.